सिंदखेडराजाचा राजवाडा आणि बाग: फोटोशूटची आखणी

सिंदखेडराजा येथील लखुजीराजे जाधव यांचा भुईकोट राजवाडा हे जिजाऊंचे जन्मस्थान. मुंबई–नागपूर महामार्गाला लागून, ऐन गावात हा वाडा उभा आहे आणि तेथेच नगर परिषदेने केलेली बाग आहे. शेजारच्या देऊळगाव राजाहून अंतर १५ किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघाले तर उजाडायच्या आत पोहोचता येते. साखरपुड्याचे आणि लग्नाआधीचे फोटो, जिजाऊंच्या वेशातल्या मुलींचे फोटो, शिवजयंतीच्या फलकासाठी लागणारी छायाचित्रे, अशा निरनिराळ्या निमित्तांनी येथे कॅमेरे येतात. निमित्त कोणतेही असो, तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: जागा कोणाच्या अखत्यारीत आहे, ऊन कोणत्या वेळी कोणत्या भिंतीवर येते, आणि त्या दिवशी तेथे आणखी कोण असणार आहे. कपडे, मेकअप आणि पोझ यांचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटा झाला की भर उन्हात डोळे बारीक केलेली माणसे आणि मागे सहलीची रांग असेच फोटो हाती येतात.

परवानगी

सिंदखेडराजात एका फेरफटक्यात तीन यंत्रणांच्या हद्दी ओलांडल्या जातात. बाग नगर परिषदेची. राजवाडा राज्य संरक्षित स्मारक असल्याने तो राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे येतो आणि त्याला १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रीय स्थळे व अवशेष अधिनियम लागू होतो. लखुजीराजांची समाधी मात्र केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे त्याच्या नागपूर मंडळाकडे आहे. तेथे १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९५९ चे नियम चालतात. म्हणून ‘सिंदखेडराजात फोटो काढायची परवानगी’ अशी एकच गोष्ट नसते. बागेसाठी घेतलेले पत्र समाधीपाशी दाखवून उपयोग नाही, आणि समाधीपाशी चालणारी सवलत वाड्यातही चालेल असे धरून जाऊ नये.

साध्या पाहुण्याने मोबाइलवर किंवा हातातल्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटो आणि ठरवून केलेले चित्रीकरण यांत नियम फरक करतात. केंद्र संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला २०१८ मध्ये सरसकट मोकळीक मिळाली. ताजमहालाचा मुख्य मकबरा, अजिंठ्याची लेणी आणि लेहचा राजवाडा एवढेच अपवाद ठेवले गेले. पण ही मोकळीक पाहुण्यासाठी आहे. ट्रायपॉड, लाइटचे स्टँड, छत्र्या, मोठे रिफ्लेक्टर, बदलायच्या कपड्यांच्या बॅगा आणि चारपाच मदतनीस आले की पहारेकऱ्याच्या दृष्टीने ते चित्रीकरण होते, आणि त्याला तसे वाटले तर त्यात त्याचे काही चुकत नाही. व्यावसायिक जाहिरात, गाण्याचा व्हिडिओ किंवा लघुपट असेल, तर परवान्याची कार्यवाही आणि शुल्क आलेच.

अर्ज लेखी करावा आणि त्यात मोघम काही ठेवू नये. दिनांक, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, किती माणसे, कोणते साहित्य, फोटो कशासाठी वापरणार, हे सगळे एका पानात मावते. ‘तटावर, छतावर, जोत्यावर कोणी चढणार नाही; भिंतीला खिळा, चिकटपट्टी, रंग लावणार नाही’ हे वाक्य अर्जात आपणहून लिहिलेले बरे. परवानगी देणाऱ्या माणसाच्या मनातली शंका हीच असते. पुरातत्त्व विभागाचे उत्तर यायला आठवडे लागू शकतात, त्यामुळे लग्नाची तारीख ठरली त्याच आठवड्यात अर्ज जावा. मिळालेल्या पत्राच्या दोन छापील प्रती बरोबर ठेवाव्यात. मोबाइलमधले पत्र उन्हात वाचता येत नाही, आणि एक प्रत पहारेकऱ्याकडे ठेवून दिली की काम सुरळीत होते.

ड्रोनसाठी वेगळा विचार करावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागले आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी हवाई परवानगी लागत नाही. कोणता भाग कोणत्या रंगात आहे ते ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येते. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला परवानाधारक चालक लागत नाही; त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन केलेल्या कामासाठी उडवायचा, तर लागतो. पण आकाश हिरवे असले म्हणून खालचे स्मारक मोकळे होत नाही. स्मारकावरून ड्रोन नेण्याला त्या स्मारकाच्या यंत्रणेची संमती हवी आणि पोलीस ठाण्याला आधी कळवलेले असावे. साखरपुड्याच्या फोटोंना ड्रोनची गरज क्वचितच असते. वाड्याची भव्यता जमिनीवरून, माणसाच्या उंचीवरूनच जास्त जाणवते.

दिवस कोणता

१२ जानेवारी हा जिजाऊंचा जन्मदिवस. जन्मवर्ष १५९८ मानले जाते. त्या दिवशी सूर्योदयाला वाड्यात पूजा होते आणि महाराष्ट्रभरातून लाखो माणसे गावात येतात. महामार्गावरच्या जिजाऊ सृष्टीत मोठा मेळावा भरतो. त्या दिवशी आणि आदल्या दोनतीन दिवसांत खासगी फोटोशूट ठेवू नये. सोहळ्याचे वार्तांकन करणाऱ्या छायाचित्रकारासाठी मात्र वर्षातला हाच सर्वांत मोठा दिवस असतो. त्याने आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे, कारण सकाळी रस्ते लवकर भरतात.

हिवाळ्यात शाळांच्या सहलींच्या एसटी बस सकाळी दहानंतर लागू लागतात. मुलांनी हा वाडा पाहावा यासाठीच तो जपला आहे, त्यामुळे वाट मुलांची आहे हे मान्य करूनच वेळ ठरवावी. ‘पाच मिनिटे थांबा, फ्रेममध्ये येऊ नका’ असे सहलीच्या शिक्षकांना सांगण्याचा हक्क कोणाही फोटोग्राफरला नाही. रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळले की निम्मी अडचण संपते. देऊळगाव राजाहून निघणाऱ्यांनी बालाजी महाराजांच्या आश्विनातल्या उत्सवाचा काळही पाहून घ्यावा. प्रतितिरुपती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या देवस्थानाची यात्रा दसऱ्याच्या सुमारास गावचे रस्ते व्यापते, आणि पहाटे गाडी बाहेर काढणेसुद्धा कठीण होते.

ऋतूंपैकी सप्टेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाने हवा धुतलेली असते, बागेत आणि माळावर हिरवे असते, तलावांत पाणी असते. पावसाळ्यात वाड्याचा भिजलेला काळा पाषाण फार देखणा दिसतो, मात्र पायऱ्यांवर शेवाळ धरते. एप्रिल–मे महिन्यांत धूळ आणि ऊन यांनी आकाश पांढरट होते; काळ्या दगडामागे तसे आकाश आले की चित्र फिके पडते. उन्हाळ्यातच लग्ने जास्त असल्याने नाइलाज असतो. त्या वेळी काम सूर्योदयाच्या पहिल्या तासात संपवावे आणि चौकटीत आकाश शक्य तितके कमी घ्यावे.

ऊन कधी, कोठे

देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा ही गावे साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७६ अंश पूर्व रेखांशावर आहेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशाच्या रेखांशावरून ठरते, त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नव्हे, तर वर्षभरात १२ वाजून १० ते ४० मिनिटांच्या दरम्यान. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्योदय साधारण ६.५५ ला आणि सूर्यास्त ५.५५ च्या सुमारास होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साधारण ५.५० आणि ७.१०. फोटोसाठी चांगले ऊन कोठवर आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे माणसाची सावली. ती उंचीच्या दुपटीपेक्षा लांब आहे तोवर ऊन मऊ आणि आडवे असते. चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडत नाहीत. डिसेंबरात ही मुदत सकाळी सव्वानऊपर्यंत पुरते, जूनमध्ये आठच्या आतच संपते. संध्याकाळी डिसेंबरात साडेतीननंतर आणि जूनमध्ये पाचनंतर ती पुन्हा सुरू होते. बाग आणि वाडा उघडण्याची व बंद होण्याची वेळ या मुदतीशी कशी जुळते ते आधी विचारून घ्यावे. दार नऊला उघडणार असेल, तर उन्हाळ्यात सकाळच्या बेताला अर्थ उरत नाही.

सूर्य मावळल्यावर या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. वीस–पंचवीस मिनिटांत काळोख दाटतो. निळसर आकाशापुढे वाड्याची आकृती हवी असेल, तर ते एकच चित्र डोक्यात पक्के ठेवून जागा आधीच धरून उभे राहावे. पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तेव्हा पूर्वेचे आकाश आणि दगड दोन्ही एकाच मापाच्या उजेडात येतात. दुसऱ्या दिवशी चंद्र पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो आणि तोवर दगड काळा ठिक्कर झालेला असतो.

कोणत्या भिंतीवर ऊन कधी येणार हे मोबाइलमधल्या होकायंत्रावरून ठरते. पाहणीला गेल्यावर दर्शनी दाराकडे तोंड करून उभे राहावे आणि दिशा टिपून घ्यावी. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सकाळी उजळते, पश्चिमेकडची संध्याकाळी. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. फसगत होते ती उत्तर आणि दक्षिण भिंतींत. येथे डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडेच राहतो. जूनमध्ये तो पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि माध्यान्हीही किंचित उत्तरेकडे असतो. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हे याचे जवळचे उदाहरण. त्याचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे, म्हणून हिवाळ्यात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजळलेला असतो. जूनमध्ये मात्र तोच दर्शनी भाग सकाळ–संध्याकाळ स्वतःच्या सावलीत राहतो. जानेवारीत पाहून आलेल्या जागेवर जूनचे शूट ठरवले की असा धक्का बसतो. पाहणी आणि शूट यांच्यात चार महिन्यांचे अंतर असेल, तर सूर्याची दिशा दाखवणारे एखादे अ‍ॅप वापरून नव्या तारखेचे ऊन तपासावे.

मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात येथे शून्य सावलीचे, म्हणजे सूर्य नेमका माथ्यावर येण्याचे दिवस येतात. त्या काळात अकरा ते दोन या वेळेत चेहऱ्याचे फोटो काढणे व्यर्थ. अपवाद एकाच जागेचा, आणि ती म्हणजे पुतळा बारव. तिच्याविषयी पुढे.

बाग: काम येथून करावे

फोटोशूटचा मुक्काम बागेत ठेवावा आणि वाडा पार्श्वभूमीला घ्यावा. यात सोय आहेच, शिवाय चित्रही चांगले येते. वाड्याचे प्रवेशद्वार उंच आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून रुंद लेन्सने फोटो घेतला, की कॅमेरा वर करावा लागतो आणि भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. माणसाचे डोके लहान आणि पाय मोठे दिसतात. उपाय एकच, मागे सरकणे. हिशेब असा: फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स उभी धरली, तर कॅमेऱ्यापासून जितके मीटर अंतर, जवळपास तितकेच मीटर उंची चौकटीत मावते. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, अगदी सपाट धरला, तर त्यातली अर्धीच उंची डोळ्याच्या रेषेच्या वर मिळते. म्हणजे १० मीटर उंचीचा दर्शनी भाग सरळ रेषांसह हवा असेल, तर १७–१८ मीटर मागे जावे लागते. मग माणसांना भिंतीला टेकवून उभे न करता कॅमेऱ्यापासून चार–पाच मीटरवर आणावे. माणूस चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक उंच दिसतो आणि मागे सगळा वाडा सरळ उभा राहतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हेच काम २३–२४ मिलिमीटरची लेन्स करते. मोबाइलवर ०.५ चा पर्याय टाळून १ वर ठेवावे आणि स्वतः मागे चालावे.

नुसत्या चेहऱ्यांच्या फोटोंसाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्यावी. मागची झाडे धूसर होतात आणि बागेतली बाकडी, कचरापेटी, सूचनाफलक नजरेत येत नाहीत. बागेत एक त्रास ठरलेला आहे: झाडाखाली आणि हिरवळीजवळ उजेड हिरवा होऊन त्वचेवर येतो, विशेषतः हनुवटीखाली. माणसाच्या पायाशी पांढरे थर्माकोल किंवा पांढरी चादर धरली की तो बराच कमी होतो. फोटो रॉ फाइलमध्ये घ्यावेत आणि जागा बदलली की राखाडी कार्डाचा एक फोटो घ्यावा, म्हणजे नंतर रंग जुळवताना अंदाजावर राहावे लागत नाही.

काळ्या पाषाणाची अडचण याहून मोठी. कॅमेऱ्याचे मापन समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. चौकट काळ्या भिंतीने भरली, की कॅमेरा ती भिंत राखाडी करायला जातो आणि माणसाचे कपाळ व पांढरा सदरा जळून पांढरा पडतो. अशा वेळी एक्स्पोजर दोनतृतीयांश ते एक पायरी कमी करावे किंवा चेहऱ्यावरच मापन घ्यावे. दगड काळाच दिसू द्यावा. नंतर संगणकावर त्याला उजळवून करडा केला, तर दगडाचा जीव जातो.

दारातला उजेड हाही हाताशी ठेवण्यासारखा. मोठ्या दरवाजाच्या सावलीत, उंबऱ्यापासून एक–दोन पावले आत, बाहेरच्या आकाशाकडे तोंड करून माणूस उभा केला, तर दुपारीही चेहऱ्यावर मऊ, एका बाजूचा उजेड मिळतो आणि मागची खोली अंधारात जाते. फक्त वाट अडवू नये. येणारा माणूस बहुधा दर्शनाच्या भावनेने येत असतो, आणि त्याने अवघडून बाजूने जावे अशी वेळ आणू नये.

वाड्याच्या आत जन्मस्थानाच्या जागी शूट करूच नये. तेथे चप्पल काढून नमस्कार करावा, हवे तर कुटुंबाचा एक साधा फोटो घ्यावा आणि बाहेर यावे. मिठी, उचलून घेणे, धुराच्या कांड्या, फुगे, कागदी चकत्यांची उधळण यांतले काहीही या आवारात शोभत नाही. जोडप्याचा फोटो मर्यादेत राहूनही सुंदर येतो. शेजारी उभी असलेली, वाड्याकडे पाहणारी दोन माणसे आणि त्यांच्या खांद्यांवर सकाळचे ऊन एवढे पुरते.

बागेबाहेरच्या जागा

लखुजीराजांच्या समाधीची वास्तू भव्य आहे, पण तेथे प्रसंगाची जाण ठेवावी. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबाराने लखुजीराजांची पुत्र व नातवासह हत्या केली. त्यांचे हे स्मारक. लग्नाआधीच्या हसऱ्या फोटोंना ही जागा नव्हे. वास्तूचे फोटो, अभ्यासाचे फोटो, शिवकाळावरच्या पुस्तिकेसाठी फोटो अवश्य घ्यावेत. २०२४ च्या जूनमध्ये समाधीच्या जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीखाली आधी जुन्या मंदिराचा पाया आणि मग शेषशायी विष्णूची सुमारे १.७ मीटर लांबीची मूर्ती सापडली. या परिसरातल्या मातीखाली अजून काय असेल ते सांगता येत नाही. म्हणून लाइटच्या स्टँडसाठी खुंट्या ठोकणे, खड्डा करणे, सैल दगड हलवून बैठक करणे हे पूर्ण वर्ज्य. स्टँडला वाळूची पिशवी बांधावी.

पुतळा बारवेची गोष्ट वेगळी. इतरत्र दुपारचे ऊन नकोसे, तर बारवेत तेच कामाचे. पाण्यापर्यंत उतरणारा उजेड सूर्य उंच असतानाच मिळतो, आणि उभ्या भिंतीवरच्या कोरीव आकृतींवर वरून घासत येणाऱ्या उन्हाने प्रत्येक उठाव सावलीसकट दिसतो. सकाळ–संध्याकाळी हीच भिंत सपाट वाटते. येथे माणसांचे फोटो न काढता शिल्पांचे काढावेत. ओलसर पायऱ्यांवर नऊवारी, उंच टाचा आणि लहान मुले नकोत.

मोती तलाव आणि चांदणी तलाव पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी. वारा पडलेला असतो तो पहाटे. ऊन चढले की पाणी हलू लागते. त्यामुळे सूर्योदय तलावावर आणि त्यानंतरचा तास बागेत, असा क्रम लावावा. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली वास्तू आहे. ती काठावरूनच घ्यावी, पाण्यात उतरू नये. मावळत्या किंवा उगवत्या सूर्यापुढे माणसांच्या काळ्या आकृती घ्यायच्या असतील, तर बांधावर दोन माणसांत हातभर अंतर ठेवावे. एकमेकांना चिकटल्या की दोन आकृतींचा एकच गोळा दिसतो.

रंगमहालाशी शहाजीराजे आणि जिजाऊ यांच्या सोयरिकीची, रंगपंचमीची कथा जोडलेली आहे. त्यावरून गुलाल उधळण्याची कल्पना अनेकांना सुचते. जुन्या दगडाच्या आणि चुन्याच्या रंध्रांत रंग शिरला की तो निघत नाही, तेव्हा रंग खेळायचाच तर तो मोकळ्या शेतात खेळावा.

एकाच दिवशी लोणारही उरकायचा मोह टाळावा. लोणार पन्नास–साठ किलोमीटरवर आहे, तेथे अभयारण्यामुळे वन विभागाचे नियम लागू होतात, आणि तेथेही कामाचे ऊन सकाळ–संध्याकाळचेच. दोन जागांमधली एक दुपारच्या रखरखीत उजेडात वाया जाते.

वेश आणि लहान मुले

काळ्या पाषाणापुढे पिवळा, केशरी, डाळिंबी, पांढरा हे रंग उठून दिसतात. काळपट हिरवा आणि गडद जांभळा बुडून जातो. हिरवळीपुढे पोपटी साडी नको. पैठणीचा काठ आडव्या उन्हात चमकतो, म्हणून ती सकाळच्या पहिल्या तासासाठी राखावी. नऊवारी नेसायला वेळ लागतो आणि बागेत कपडे बदलायला आडोसा असेलच असे नाही. पहिला वेश घरूनच नेसून यावे आणि बदल एकच ठेवावा. फेटा बांधणारा माणूस बरोबर असला तर उत्तम. बांधून आणलेला फेटा गाडीत चेपतो.

जिजाऊंच्या वेशातल्या मुलींचे फोटो हा या जागेवरचा सर्वांत लोभस विषय. पाच–सहा वर्षांची मुलगी नऊवारीत फार तर वीस मिनिटे खुशीत राहते. म्हणून मोठ्यांच्या आधी तिचे फोटो घ्यावेत, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि तिला पोझ न सांगता काही करायला द्यावे: दगडावरून हात फिरवणे, दाराकडे चालत जाणे, वर पाहणे. तलवार पुठ्ठ्याची किंवा लाकडाची असावी. तट, जोते, विहिरीचा काठ यांवर मुलाला उभे करून फोटो घेऊ नये. खाली आईबाप हात धरून उभे असले तरी नको.

पाहणी आणि प्रत्यक्ष दिवस

शूटच्या आधी किमान एकदा, ज्या वेळेला काम करायचे त्याच वेळेला जाऊन पाहणी करावी. मोबाइलवर जागांचे फोटो घ्यावेत, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी, पहारेकऱ्याशी आणि बागेच्या माळ्याशी बोलावे. पाणी कधी सोडतात, गवत कधी कापतात, कोणत्या कोपऱ्यात दुपारी माणसे विसावतात, हे तेच सांगू शकतात. यातून सहा–सात चित्रांची यादी निघते आणि दीड तासाच्या चांगल्या उजेडात तेवढीच चित्रे नीट होतात. वीस चित्रांची यादी घेऊन गेले की प्रत्येक घाईत उरकावे लागते.

साहित्य कमी न्यावे: दोन लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डे, एक घडीचा रिफ्लेक्टर, पुसायचे कापड, पिण्याचे पाणी, सुईदोरा आणि सेफ्टी पिना. ट्रायपॉडची परवानगी नसेल, तर संध्याकाळी आयएसओ वाढवून हातावरच काम करावे. आजच्या कॅमेऱ्यांत १६०० पर्यंत चित्र सहसा बिघडत नाही. गार गाडीतून आणलेली लेन्स तलावाकाठी दमट हवेत धूसर होते, तिला दहा मिनिटे पिशवीबाहेर राहू द्यावे. निघताना फुले, पिना, बाटल्या, टिश्यू वेचून घ्याव्यात. पुढच्या फोटोग्राफरला दार उघडे राहते की बंद होते, हे बरेचसे यावर ठरते.

फोटो कोणाचे

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार काढून घेणाऱ्याचा असतो. फोटोग्राफरला ते स्वतःच्या दुकानाच्या फलकावर किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे असतील, तर बयाणा घेतानाच तसे लेखी ठरवावे. लहान मुलांच्या फोटोंबाबत पालकांना वेगळे विचारावे, एकदा होकार मिळाला असला तरी. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या पुतळ्याचा किंवा वास्तूचा फोटो छापण्याने मूळ शिल्पकाराच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, असे याच कायद्याचे कलम ५२ सांगते. मागे आलेल्या अनोळखी माणसांचे चेहरे ओळखू येत असतील, तर ते फोटो जाहिरातीला वापरू नयेत.

कार्डावरचे फोटो त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावेत आणि तोवर कार्ड रिकामे करू नये. निवड करताना एका प्रसंगाचे एकच चित्र ठेवावे. कुटुंबाला द्यायच्या फायलींसोबत तारीख, वार आणि जागेचे नाव लिहिलेली एक छोटी फाइल द्यावी: सिंदखेडराजा, राजवाडा, बाग, मोती तलाव. शूटच्या परवानगीचे पत्र देणाऱ्या कार्यालयाने प्रत मागितली असेल, तर दोन–तीन चांगले फोटो छापून पोहोचवावेत.